उसाकडचा गोल

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या फुटबॉलच्या संघात स्टॉपर म्हणून खेळायचे. स्टॉपर म्हणजे शेवटची बॅक. तिच्या मागे फक्त गोलकीपर असते आणि गोलकीपरच्या मागे जाळी. मुलींचा फुटबॉल जुन्नरला तेव्हा नवाच होता. कबड्डी आणि खो-खो खेळलेल्या मुली गोळा करून आमच्या क्रीडाशिक्षिका मॅडमनी तो संघ उभा केला होता. मी कबड्डीत कोपरा धरायचे, म्हणून मला मागे टाकलं. जी धावायला चपळ होती तिला पुढे टाकलं, फॉरवर्ड म्हणून. ती बाजारपेठेतल्या एका मारवाडी जैन घरातली मुलगी. तिचे पणजोबा राजस्थानातून आले होते, पण तिचं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध होतं. सकाळी दुकान उघडायच्या आत घरी परतायचं, या अटीवर तिला खेळायला परवानगी मिळाली होती.

गोलकीपर डिंभ्याची. तिच्या घरी भात आणि नाचणी पिकायची आणि तिचे वडील तिथल्या धरणात मासेमारी करायचे. जुन्नरला ती मावशीकडे राहून शिकत होती. आमच्या गोलाची जाळी तिच्याच वडिलांनी दिलेली, मासे धरायची जुनी जाळी. खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या तशाच होत्या, त्यामुळे ती वाऱ्याने हलत नसे. आम्हाला ते फार सोयीचं वाटायचं.

त्या वर्षी कॉलेजच्या मैदानावर नव्या इमारतीची खडी आणि सळया येऊन पडल्या, म्हणून मॅडमनी जुन्नरहून येडगावकडे जाताना लागणारी एक पडीक जमीन त्यांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून सरावासाठी मागून घेतली. मला ती जवळची होती, वडील मोटारसायकलवर सोडायचे. बाकीच्या मुली दोन रिक्षांत दाटीवाटीने यायच्या. एक गोल रस्त्याकडे होता. दुसऱ्याच्या मागे दहा पावलांवर ऊस सुरू व्हायचा, तो पार कालव्यापर्यंत. आम्ही त्यांना रस्त्याकडचा गोल आणि उसाकडचा गोल असंच म्हणायचो. रस्त्याकडच्या गोलावर आम्ही हल्ल्याचा सराव करायचो. मी आणि गोलकीपर कायम उसाकडे.

येडगाव धरणाचं पाणी जवळ असल्यामुळे थंडीत तिथे सकाळी दाट धुकं पडायचं. साडेसहाला सराव सुरू व्हायचा तेव्हा रस्त्याकडचा गोल मला दिसतसुद्धा नसे. आमच्या फॉरवर्ड मुली चेंडू घेऊन पळाल्या की थोड्या वेळाने धुक्यात विरघळून जायच्या. मग नुसते आवाज यायचे. हाक, हसणं, चेंडूला लाथ बसल्याचा धप्प आवाज. आवाज कुठल्या बाजूने येतोय तेही नीट कळायचं नाही. मध्येच सगळं बंद पडायचं, आणि अख्ख्या जमिनीवर आम्ही दोघीच आहोत असं वाटायचं.

डिसेंबरात मंचरच्या बाजूच्या एका संघाशी आमची पहिली मॅच झाली. तीन गोलांनी हरलो. तिन्ही गोल जमिनीवरून सरपटत गेले. चेंडू जोरात नव्हता, आमची गोलकीपर खाली वाकली असती तर हातात आला असता. ती वाकली नाही. तिन्ही वेळा तिने पाय पुढे केला आणि चेंडू पायाच्या बाजूने निघून गेला.

परतीच्या गाडीत भांडण लागलं. फॉरवर्ड म्हणाली, "आम्ही पुढे मरमर पळायचं आणि मागे हिला साधं वाकता येत नाही?"

मी म्हणाले, "चेंडू तुम्ही घालवता आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभ्या राहता. त्यांच्या पाच जणी आमच्यावर येतात, तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"तू वर येतेस का कधी? आमच्या आणि तुझ्यामध्ये अर्धं मैदान मोकळं असतं. मी चेंडू मागे द्यायचा कुणाला?"

तिचं खरं होतं. मॅडम मला पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की पुढच्या मुली हल्ल्याला गेल्या की मागच्यांनी पण मध्यरेषेपर्यंत वर सरकायचं, म्हणजे मधली जागा मोकळी राहत नाही. मी सरकत नव्हते. गोलकीपरला एकटं सोडवत नाही, असं मी सांगायचे. गाडीत गोलकीपर खिडकीतून बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मॅडम एक लांब सोल घेऊन आल्या. बैलगाडीवर कडबा आवळायला वापरतात तसला, काथ्याचा जाड दोर. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं फॉरवर्डच्या.

"आजपासून दोघींनी याला ताण ठेवायचा," त्या म्हणाल्या. "ती पुढे गेली की तू पुढे. तू मागे आलीस की ती मागे. सोल जमिनीला लागला तर दोघींनी मैदानाला चक्कर मारायची. तुम्ही एक संघ नाही आहात. तुम्ही दोन संघ आहात आणि तुमचं एकमेकांशी पटत नाही."

धुक्यात तो सोल धरून चालणं विचित्र होतं. हातातून निघालेला दोर दहा-बारा पावलांवर पांढऱ्यात नाहीसा व्हायचा. पलीकडून ओढ यायची, पण ओढणारी दिसायची नाही. दोन-तीन दिवसांत आम्हाला त्याची सवय झाली. तिचा वेग, तिचं थांबणं, तिचं वळणं मला तळहातात कळायला लागलं. मग एका सकाळी असं झालं की सोल ताणलेला, मी उभी, आणि बराच वेळ काहीच हालचाल नाही. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. मी सोल गोळा करत पुढे चालत गेले. दोर तसाच ताठ. पार टोकाला पोचले तर त्याची गाठ जमिनीतून वर आलेल्या एका जुन्या खुंटात अडकली होती. तिथे कोणी नव्हतं. फॉरवर्ड पाणी प्यायला रस्त्याकडे गेली होती. ती आल्यावर मी विचारलं, "कधी सोडलास?" ती म्हणाली, "केव्हाच. मला वाटलं तुला कळलं असेल."

तोपर्यंत मी त्या खुंटाशी ताण धरून उभी होते. हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात गोलकीपरने मला ती गोष्ट सांगितली. सराव संपला होता, आम्ही दोघी बूट काढत बसलो होतो. म्हणजे मी बसले होते. ती उभ्यानेच, एका पायावर तोल धरून बूट काढत होती.

"माझ्या मागं कुनीतरी बसतं," ती म्हणाली.

"कुठे?"

"जाळीच्या मागं. रोज न्हाई. पन धुकं असलं की बसतं."

"अगं वारा असेल. ऊस वाजतो."

"वारा न्हवता," ती म्हणाली. मग दुसरा बूट काढत म्हणाली, "तू वर नको जाऊस. मॅडम काय म्हनायच्या ते म्हनू दे."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी आणखीच मागे राहायला लागले. तिच्यासाठी राहते असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे वर जायचं तर त्या उसाला पाठ करून जायला लागायचं, आणि माझ्याने ते होत नव्हतं. मी येडगावच्या बाजूलाच वाढलेली मुलगी. उसात काय असतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे बायका खुरपायला गेल्या तर एकीने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी वाकायचं असं असतं. वाकलेलं माणूस बिबट्याला जनावर वाटतं. हे सगळं माहीत असून ती गोलकीपर वाकत का नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं.

जानेवारीतली ती सकाळ. धुकं नेहमीसारखं नव्हतं. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत स्वच्छ होतं आणि त्यावर पांढरं छत घातल्यासारखं. माणसांचे आधी पाय दिसायचे. सरावात एका बदली मुलीने फॉरवर्डच्या पायातून चेंडू काढला आणि लांब मारला. तो घरंगळत माझ्याकडे आला. मी तो थांबवला. फॉरवर्ड त्याच्यामागे धावत परत आली होती. सोलाच्या सरावाचा तेवढा फायदा झाला होता, चेंडू गेला की ती आता उभी राहत नसे. मध्यरेषेच्या अलीकडे येऊन ती थांबली. बुटाची नाडी सुटलीय का ते बघावं तशी खाली वाकली, आणि वाकलेलीच राहिली. मग हळूच सरळ झाली.

"वर ये," ती म्हणाली.

मी जागची हलले नाही. हे तिचं रोजचंच होतं.

"दोघी वर या. चालत या. चेंडू पायात ठेव आणि माझ्याकडे बघत ये."

आवाज मोठा नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. पण ती मला उद्देशून बोलत असताना तिचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या कमरेच्या बाजूने, खाली, मागे कुठेतरी होते.

मी चेंडूला हलकेच पाय लावला आणि चालायला लागले. मान वळवावीशी इतकी वाटत होती की मानेत कळ आली. "चल गं," मी मागे न बघता म्हणाले. काही ऐकू आलं नाही. मी परत म्हणाले, "चल ना गं माझ्यामागे." तेव्हा दवातल्या गवतावर तिच्या बुटांचा आवाज सुरू झाला. एक, दोन, तीन पावलं. आणि मग त्याच्याही मागे, जाळीच्या शिशाच्या गोळ्या एकमेकांवर वाजल्या.

अजिबात वारा नव्हता.

आम्ही चालत राहिलो. फॉरवर्ड आमच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत होती, आणि आमच्यामधलं अंतर तेवढंच राहत होतं. हातात सोल नव्हता, तरी असल्यासारखं. मध्यरेषेवर पोचलो तेव्हा तिने माझा दंड पकडला, मी गोलकीपरचा. मग आम्ही वळलो. पांढऱ्याचं छत खाली उतरलं होतं. उसाकडचा गोल दिसत नव्हता. काहीच दिसत नव्हतं.

"काय होतं?" मी विचारलं.

"आधी वाटलं कुत्रं बसलंय," फॉरवर्ड म्हणाली. "मग ते उठलं."

मॅडमनी सगळ्यांना एकत्र केलं, कोणी खाली बसायचं नाही, पळायचं नाही असं बजावलं, आणि आम्ही गठ्ठ्याने रस्त्यावर आलो. रिक्षात बसल्यावर काही मुली रडल्या. गोलकीपर रडली नाही. मावशीच्या घरी न जाता ती तशीच स्टँडवर उतरली आणि डिंभ्याला निघून गेली.

दहाच्या सुमाराला ऊन पडल्यावर वनखात्याचा माणूस आला. वयस्कर होता, हातात काठी. मी आणि मॅडम त्याच्याबरोबर गेलो. जाळीच्या मागे एक जागा होती, गवत दबून बसलेली, अंथरूण घातल्यासारखी. तो उकिडवा बसला, गवताला हात लावला.

"ताई, हे आजचं नाय," तो म्हणाला. "हे बघा, गवत पिवळं पडलंय. लई दिवसाची बैठक हाय ही."

"किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"पंधरा दिवस म्हना. महिना बी आसंल. तुमी कवापासून खेळताय?"

त्याने जाळीच्या गाठीत अडकलेले काही केस काढले, आखूड, पिवळसर, आणि कागदात ठेवले. मग उठून तिथून गोलकीपर उभी राहायची त्या जागेपर्यंत सरळ चालत गेला. मी त्याची पावलं मोजली. सात.

सराव अर्थातच बंद झाला. फेब्रुवारीत त्या उसाला तोड आली. पाचव्या-सहाव्या सरीत तोडणाऱ्यांना दोन पिल्लं सापडली, मांजराएवढी, दोनेक महिन्यांची. संध्याकाळी वनखात्याच्या लोकांनी ती एका क्रेटमध्ये घालून होती तिथेच ठेवली आणि माणसं लांब केली. सकाळी क्रेट रिकामा होता. ओरखडा नव्हता की पिल्लांचं रक्त नव्हतं. आई येऊन एकेक उचलून घेऊन गेली होती. आमच्या घरून ती जमीन जवळ, त्यामुळे ही बातमी मला त्याच दिवशी कळली. आम्ही तिकडे ओरडत, चेंडू मारत होतो, तेव्हा ती पिल्लांच्या आणि आमच्या मध्ये बसलेली असायची. आणि तिच्या आणि आमच्या मध्ये आमची गोलकीपर.

मी डिंभ्याला गेले. एसटी चुकली, मग घोडेगावहून एका जीपने गेले. तिचं घर धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर आहे. तिची आई नाचणी निवडत होती. आम्ही दोघी पाण्यापर्यंत गेलो. तिथे तिच्या वडिलांची होडी उलटी करून ठेवली होती.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "डिसेंबरातच दिसली मला. गोलाच्या काठीपाशी. निसती बघत व्हती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सराव बंद झाला असता. सराव बंद तर मावशीकडं ऱ्हानं बंद. बाबांनी फुटबॉलसाठीच ठिवलंय मला तिथं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला सांगितलं की."

मी उलट्या होडीला टेकून बसले.

"मला तिचं भ्या न्हवतं वाटत," ती म्हणाली. "खरं सांगते. ती माझ्याकडं बघायचीच न्हाई. तुमी पळायला लागल्या की मान वळवून तुमच्याकडं बघायची. मला भ्या वाटायचं ते तुमी सगळ्या पार तिकडं जायच्या त्याचं. धुक्यात गेल्या की वाटायचं, आता ह्या परत यायच्या न्हाईत. रस्त्यानं घरी निघून गेल्या आसतील. कुनाला आठवन बी ऱ्हायची न्हाई का हितं एक उभी हाय."

संध्याकाळ व्हायला लागली होती. शेवटची गाडी यायची की नाही कोणालाच खात्री नव्हती, म्हणून मी तिच्याकडेच राहिले. सकाळी मी तिला म्हणाले की परत चल. ती म्हणाली, येते, पण पुढच्यांनी माघारी यायला पायजे, आणि तू वर गेलीस तरी मला आवाज देत जायचं. नुसतं 'आहे' म्हटलंस तरी चालंल.

मॅडमनी शहरातल्या एका शाळेचं मैदान मिळवलं. भोवती भिंत होती, तरी पहिले काही दिवस गोलकीपर भिंतीकडे बघत उभी राहायची. आम्ही तिला काही म्हणालो नाही. फॉरवर्ड चेंडू गेला की पळत आमच्यापर्यंत यायची, दम लागला तरी यायची, आणि तिच्यामुळे समोरच्यांना आमच्यावर नीट चाल करून यायला वेळच मिळेना. मी मध्यरेषेपर्यंत जायला लागले. तिथून मी दिलेला पास तिला पायात मिळायचा, आधीसारखा डोक्यावरून जायचा नाही. मी वर जाताना न वळता मागे आवाज द्यायचे, "आहे." मागून उत्तर यायचं, "आहे." मॅडमना वाटलं ही आमची नवी युक्ती आहे. त्यांनी बाकीच्या मुलींनाही ती शिकवली.

मार्चमध्ये त्याच मंचरच्या संघाशी परत मॅच झाली. एक-एक बरोबरीत सुटली. आमच्यावर झालेला गोल उंचावरून आला, त्यात गोलकीपरची काही चूक नव्हती. आमचा गोल फॉरवर्डने केला, पण चेंडू निघाला होता गोलकीपरच्या हातातून. तिने माझ्याकडे टाकला, मी मधल्या मुलीकडे, मधलीने पुढे. चौघींनी मिळून तो नेला होता. तरी पेपरात आलं ते फॉरवर्डचं एकटीचंच नाव. तिने दुसऱ्या दिवशी त्या बातमीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली आम्हा तिघींची नावं स्वतः लिहिली.

आता मी आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. गोलकीपर लग्न होऊन नारायणगावला आहे, तिला एक मुलगी आहे. फॉरवर्ड जुन्नरच्या पेठेत घरचं दुकान बघते. परवा कामासाठी जुन्नरला गेले होते, तेव्हा तिच्याकडे गेले. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. तिने चहा मागवला. इतक्या वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"त्या दिवशी तू ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर तू मागे वळली असतीस," ती म्हणाली. "आणि ती पळाली असती." ती म्हणजे गोलकीपर. मग काउंटरवरचं कापड नीट करत म्हणाली, "पण मला भीती वेगळीच होती. तू महिनाभर माझं एकदाही ऐकलं नव्हतंस. वर ये म्हटलं की मुद्दाम मागे जायचीस. मला वाटलं, आजही जाशील."

मी तिला सांगितलं की क्षणभर माझा पाय मागेच उचलला गेला होता.

"दिसलं मला," ती म्हणाली.